हजार मार्कांचा दावा: ब्रिस्टलचा खासदार थॉमस यंग

प्रश्न दोन भागांत आहे. १४५१ साली पार्लमेंटमध्ये मांडलेल्या एका सूचनेमुळे लंडनच्या टॉवरमध्ये डांबला गेलेला ब्रिस्टलचा खासदार थॉमस यंग याला संसदीय भाषणस्वातंत्र्याचा पहिला कैवारी म्हणावे का, हा एक भाग. आणि इतक्या जुन्या व फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या खासदाराच्या आयुष्याबद्दल खात्रीलायक असे नेमके काय सांगता येते, हा दुसरा. पंधराव्या शतकातील इंग्लंडच्या पार्लमेंटची कागदपत्रे मी बरीच वर्षे वाचत आलो आहे. दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर नीट दिले की पहिला भाग बराचसा सुटतो. तरी वाचकाला ताटकळत ठेवू नये म्हणून माझे मत आधीच नोंदवतो: यंगचा अर्ज मुळात नुकसानभरपाईचा दावा आहे, आणि ज्या वाक्यासाठी त्याचे नाव आज घेतले जाते ते वाक्य एका कसलेल्या वकिलाने त्या दाव्याचा पाया म्हणून लिहिलेले आहे. त्यामुळे त्याची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. मात्र ते कोणत्या कामासाठी लिहिले गेले हे विसरून वाचले तर अर्थ चुकतो.

आधी साधनांविषयी थोडे. आज आपण संसदेतील वादविवाद शब्दशः छापलेले पाहतो, म्हणून जुन्या पार्लमेंटचेही तसेच इतिवृत्त असेल अशी समजूत सहज होते. तसे ते नाही. कॉमन्सचे, म्हणजे पार्लमेंटच्या खालच्या सभागृहाचे, स्वतःचे जर्नल १५४७ पासून सुरू होते. त्याआधीची मुख्य नोंद म्हणजे चर्मपत्राचे तुकडे एकाखाली एक शिवून केलेली गुंडाळी. आपल्याकडील मोडी कागदांचे चिकटवलेले लांब बंद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना तिचे रूप लगेच डोळ्यांसमोर येईल. या गुंडाळीत राजाच्या वतीने झालेले उद्घाटनाचे भाषण, करांना दिलेली संमती, आलेले अर्ज आणि राजाने त्यांना दिलेली उत्तरे एवढेच असते. कोण काय बोलले, कोणी विरोध केला, सभागृहात कुजबुज काय झाली, यातले काहीही नसते. त्यामुळे मध्ययुगीन खासदार सापडतो तो बहुधा सभागृहाबाहेर: शेरीफने पाठवलेल्या निवडणुकीच्या करारपत्रात, खटल्यांच्या नोंदींत, जमिनीच्या खरेदीखतांत, माफीपत्रांच्या यादीत, मृत्युपत्रांत. त्यातही नावाची अडचण असते. यंगचे नाव कधी ‘योंग’, कधी ‘योंगे’, कधी ‘यंग’ अशा वर्णलेखनाने येते, आणि त्याच्या वडिलांचेही नाव थॉमसच होते, त्यामुळे एखाद्या कागदातील थॉमस यंग कोणता हे साल आणि व्यवसाय पाहूनच ठरवावे लागते.

वडील थॉमस यंग हे ब्रिस्टलमधील व्यापारी, आणि त्यांनी शहराचे महापौरपदही भूषवले. त्यांनी जॉन कॅनिंग्ज या मोठ्या व्यापाऱ्याच्या विधवेशी लग्न केले. या एका लग्नामुळे आपला थॉमस जन्मतःच शहरातील सर्वांत श्रीमंत घराण्याशी जोडला गेला, कारण त्या बाईंना पहिल्या नवऱ्यापासून झालेला मुलगा विल्यम कॅनिंग्ज हा पुढे ब्रिस्टलचा सर्वांत नावाजलेला जहाजमालक झाला. तो पाच वेळा महापौर झाला, सेंट मेरी रेडक्लिफ या चर्चच्या उभारणीला त्याने सढळ हाताने पैसा दिला, आणि आयुष्याच्या अखेरीस सगळा व्यापार सोडून त्याने पाद्रीपणाची दीक्षा घेतली. त्याच्या जहाजांवर आठशे माणसे कामाला असत, असे विल्यम वूस्टर या ब्रिस्टलमध्येच जन्मलेल्या टिपणकाराने लिहून ठेवले आहे. यंगचा सख्खा भाऊ जॉन लंडनला जाऊन किराणा-मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या संघात शिरला आणि १४६६ मध्ये लंडनचा लॉर्ड मेयर झाला. म्हणजे एक सावत्र भाऊ ब्रिस्टलच्या धक्क्यावर, एक सख्खा भाऊ लंडनच्या बाजारात, आणि थॉमस स्वतः वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांत. अशा माणसाला ‘अप्रसिद्ध’ हे विशेषण आपण आज लावतो; त्याच्या काळात ब्रिस्टलमध्ये त्याला न ओळखणारा माणूस शोधावा लागला असता.

थॉमसने व्यापार न निवडता कायदा निवडला आणि तो लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत शिकला. समकालीन नोंदीत त्याला ‘अप्रेंटिस’ म्हटले आहे, आणि इथे अनेक जण फसतात. आपल्याकडे अप्रेंटिस म्हणजे कारखान्यात उमेदवारी करणारा पोरगा. पण त्या काळच्या इंग्लिश न्यायालयांच्या परिभाषेत ‘कायद्याचा अप्रेंटिस’ म्हणजे सार्जंट या सर्वोच्च दर्जाच्या वकिलांच्या लगेच खालचा, स्वतंत्रपणे खटले चालवणारा, चांगली फी घेणारा वकील. शिकाऊ म्हणून त्याचे भाषांतर केले की त्याचे पुढचे सगळे वागणे एखाद्या उतावळ्या तरुणाचे वाटू लागते. १४५१ मध्ये तो चाळिशी ओलांडलेला, मुरलेला माणूस होता. ब्रिस्टलचा ‘रेकॉर्डर’ हे पदही त्याच्याकडे होते. या शब्दाचाही ध्वनिमुद्रणाशी संबंध नाही, शहराचा मुख्य कायदा-अधिकारी असा त्याचा अर्थ. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड हा देशातील सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक, आणि त्याच्या कायदा-सल्लागारांतही यंगची गणना होत असे. हा शेवटचा धागा लक्षात ठेवावा.

वकिलांनी पार्लमेंटमध्ये बसावे का, हा वाद तेव्हाही होता. १३७२ मध्ये राजाच्या न्यायालयांत वकिली करणाऱ्यांना परगण्यांचे प्रतिनिधी म्हणून निवडू नये असा आदेश निघाला होता, कारण ते पार्लमेंटमध्ये येऊन आपल्या पक्षकारांचे अर्ज पुढे सरकवतात अशी तक्रार होती. १४०४ मध्ये कॉव्हेंट्रीला भरलेल्या पार्लमेंटमधून वकिलांना वगळले गेले, आणि त्या अधिवेशनाला ‘अडाण्यांचे पार्लमेंट’ असे टोपणनाव पडले. शहरांनी मात्र या सगळ्याकडे व्यवहारी नजरेने पाहिले. ब्रिस्टलसारख्या बंदराला जकात, सनदा, बंदरातील हक्क अशी शंभर कामे वेस्टमिन्स्टरला असत. तिथे ओळखी असलेला, कागद वाचता-लिहिता येणारा आणि न्यायालयाच्या कामासाठी नाहीतरी तिथेच राहणारा माणूस पाठवणे सोयीचे होते. यंग १४३५ मध्ये पहिल्यांदा निवडून गेला, आणि नंतर १४३७, १४४२, १४४७, १४४९ मधली दोन पार्लमेंटे आणि १४५० असा सातत्याने जात राहिला.

ब्रिस्टलच्या खासदारांची आणखी एक खासियत होती. १३७३ मध्ये तिसऱ्या एडवर्डने सनद देऊन ब्रिस्टलला स्वतंत्र परगण्याचा दर्जा दिला होता. लंडन वगळता हा मान मिळालेले ते पहिले इंग्लिश शहर. त्यामुळे तिथले प्रतिनिधी स्वतःला शहराचे आणि परगण्याचे असे दोन्ही समजत. यंगने आपल्या अर्जात स्वतःचे वर्णन ‘ब्रिस्टल परगणा व शहर यांच्या नाइटांपैकी एक’ असे केले आहे. तो नाइट नव्हता, व्यापाऱ्याचा मुलगा होता. पण परगण्याच्या प्रतिनिधीला नाइट म्हणण्याची रीत होती आणि त्या रीतीचा फायदा त्याने बरोबर घेतला.

आता १४५०-५१ च्या पार्लमेंटकडे येऊ. सहाव्या हेन्रीचे लग्न १४४५ मध्ये अँजूच्या मार्गारेटशी झाले होते आणि पाच वर्षे लोटली तरी मूल नव्हते. राजाचा काका हम्फ्री, ग्लॉस्टरचा ड्यूक, १४४७ मध्ये अटकेत असताना मरण पावला, आणि त्याच्या मागे राजाच्या वंशात निर्विवाद असा पुढचा वारस उरला नाही. १४५० हे वर्ष तर राज्याला फारच वाईट गेले. नॉर्मंडी हातची गेली. राजाचा मुख्य सल्लागार सफोकचा ड्यूक याच्यावर कॉमन्सने महाभियोग आणला आणि हद्दपारीला निघाला असता त्याला समुद्रातच गाठून ठार मारण्यात आले. जॅक केडच्या नेतृत्वाखाली केंटच्या लोकांनी बंड करून थेट लंडनमध्ये प्रवेश केला. सप्टेंबरमध्ये यॉर्कचा ड्यूक आयर्लंडहून परतला आणि राज्यकारभार सुधारला पाहिजे असे उघड म्हणू लागला. नोव्हेंबरमध्ये भरलेल्या पार्लमेंटने आपला स्पीकर निवडला तो सर विल्यम ओल्डहॉल, म्हणजे यॉर्कच्याच घरचा कारभारी. राजाभोवतीच्या तीसेक माणसांना दरबारातून दूर करावे अशी मागणी कॉमन्सने केली, आणि त्या यादीत यॉर्कचा प्रतिस्पर्धी सॉमरसेटचा ड्यूक याचेही नाव होते.

पण हिवाळा सरला तशी वाऱ्याची दिशा बदलली. सॉमरसेटवरची राजाची मर्जी कायम राहिली, आणि ५ मे १४५१ रोजी तिसरे सत्र सुरू झाले तेव्हा यॉर्कच्या बाजूची हवा बरीच ओसरली होती. ब्रिस्टलच्या नजरेने पाहिले तर काळजीचे कारण वंशवेलीपुरते मर्यादित नव्हते. ब्रिस्टलची जहाजे लोकरीचे कापड घेऊन बोर्दोला जात आणि वाइन भरून परत येत. त्याच वसंतात फ्रेंच सैन्य गॅस्कनीत घुसले होते आणि जूनमध्ये बोर्दो शरण गेले. ज्या शहराची निम्मी ऐट त्या वाइनवर उभी होती, त्याच्या प्रतिनिधीला राज्य कोण चालवतो आणि उद्या कोण चालवेल हा प्रश्न पोटापाण्याचा वाटला असेल, असे मला वाटते. तरीही यंग जे बोलला ते केवळ ब्रिस्टलच्या वतीने बोलला असे मानण्याइतका मी भाबडा नाही. ड्यूकचा सल्लागार ड्यूकचे नाव घेतो तेव्हा त्यामागे ड्यूकची संमती असते, किंवा निदान ड्यूकला त्याचे वाईट वाटणार नाही याची खात्री असते.

सूचना अशी होती: राजाला अपत्य नाही, म्हणून राज्याच्या सुरक्षिततेसाठी गादीचा वारस कोण हे उघडपणे जाहीर व्हावे, आणि वारस म्हणून यंगने यॉर्कच्या ड्यूकचे नाव घेतले. ही माहिती आपल्याला मिळते ती एका लॅटिन बखरीतून. ती पूर्वी त्याच विल्यम वूस्टरच्या नावावर घातली जात असे; आता अभ्यासक तसे मानत नाहीत. नोंद दोन-तीन वाक्यांची आहे, आणि तिच्यातच यंगला ब्रिस्टलचा रहिवासी आणि कायद्याचा अप्रेंटिस म्हटले आहे व या कारणावरून त्याला पुढे टॉवरमध्ये पाठवले असे सांगितले आहे. पार्लमेंटच्या गुंडाळीत या प्रसंगाचा मागमूस नाही. कॉमन्स त्या काळी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या मठातील भोजनगृहात बसत, तेव्हा हे शब्द उच्चारले गेले ते भिक्षूंच्या पंगती जिथे बसत त्या लांबलचक दालनात, राजापासून आणि लॉर्डांपासून, म्हणजे वरच्या सभागृहातील सरदारांपासून, वेगळे. दार बंद असले तरी बातमी बाहेर जात असेच. पार्लमेंट गुंडाळले गेले आणि यंग टॉवरमध्ये गेला.

एवढ्याशा वाक्याने राजा इतका का बिथरला, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. १३५२ च्या राजद्रोहाच्या कायद्यानुसार राजाच्या मृत्यूची ‘कल्पना करणे’ हाही राजद्रोह होता, आणि तिशीतही न पोहोचलेल्या, सहा वर्षांपूर्वी लग्न झालेल्या राजासमोर वारसाची चर्चा काढणे म्हणजे त्याला मूल होणार नाही आणि तो मरणार आहे, या दोन्ही गोष्टी एका दमात सुचवणे होते. शिवाय यॉर्कच्या ऐवजी सॉमरसेटच्या बोफर्ट घराण्याचाही विचार होऊ शकतो, अशी चर्चा हवेत होती. त्या घराण्याला १४०७ मध्ये ‘राजपद सोडून’ बाकी सर्व हक्क दिले गेले होते, आणि ते शब्द पुसता येतात का याची भीती यॉर्कच्या पक्षाला होती. यंगची सूचना मान्य झाली असती तर तो दरवाजा कायमचा बंद झाला असता.

त्याला टॉवरमध्ये किती दिवस ठेवले हे दिवसांच्या हिशेबात मांडता येत नाही, पण १४५२ च्या वसंतात राजाने गुड फ्रायडेच्या निमित्ताने सार्वत्रिक माफी दिली आणि यंगनेही तिचा लाभ घेतला. पुढच्या दोन वर्षांत सगळा पट उलटला. ऑगस्ट १४५३ मध्ये राजाला वेडाचा झटका आला. ऑक्टोबरमध्ये राणीला मुलगा झाला, म्हणजे यंगच्या सूचनेचा पायाच नाहीसा झाला. आणि यॉर्क राज्याचा संरक्षक झाला.

याच काळातील एक प्रसंग सांगितल्याशिवाय यंगचा अर्ज नीट समजणार नाही. १४५३ च्या पार्लमेंटचा स्पीकर थॉमस थॉर्प हा यॉर्कच्या विरोधी गोटातला होता. अधिवेशन तहकूब असताना यॉर्कने त्याच्यावर आपला माल उचलून नेल्याचा दावा लावला, हजार पौंडांची भरपाई मिळवली, आणि पैसे भरेपर्यंत थॉर्पला फ्लीटच्या तुरुंगात टाकले. फेब्रुवारी १४५४ मध्ये कॉमन्स पुन्हा जमले तेव्हा त्यांनी आपला स्पीकर मागितला. लॉर्डांनी न्यायाधीशांना विचारले. मुख्य न्यायाधीश फॉर्टेस्क्यू यांनी सर्वांच्या वतीने सांगितले की पार्लमेंटचे विशेषाधिकार ठरवणे हे न्यायाधीशांचे काम नव्हे. मग लॉर्डांनीच ठरवले की थॉर्प तुरुंगात राहील, आणि कॉमन्सने मुकाट्याने दुसरा स्पीकर निवडला. म्हणजे ज्या ड्यूकसाठी यंगने टॉवर पाहिला, त्याच ड्यूकने पुढे कॉमन्सच्या विशेषाधिकाराला जुमानले नाही. थॉर्पला बोलण्यासाठी नव्हे, दिवाणी दाव्यात अटक झाली होती, हा फरक खरा आहे, आणि यंगसारख्या वकिलाने तो नक्कीच केला असता. पण ‘विशेषाधिकार’ हा शब्द तेव्हा प्रत्येक पक्ष आपल्या माणसासाठीच वापरत होता, हे त्यावरून दिसते.

मे १४५५ मध्ये सेंट ऑल्बन्सच्या रस्त्यांवर यॉर्कची आणि राजाची माणसे भिडली, सॉमरसेट मारला गेला, आणि राजा यॉर्कच्या ताब्यात आला. जुलैमध्ये पार्लमेंट भरले. यंग पुन्हा ब्रिस्टलचा खासदार होता. आता अर्ज करायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, आणि त्याने तो केला. हा अर्ज गुंडाळीत आहे, इंग्रजीत आहे, आणि अगदी सावकाश वाचण्यासारखा आहे.

तो राजाला उद्देशून लिहिलेला नाही. ‘सुज्ञ व विवेकी कॉमन्स’ यांना उद्देशून आहे, म्हणजे यंग ज्या सभागृहात बसला होता त्याच सभागृहाला तो विनंती करतो की माझ्यासाठी राजाकडे रदबदली करा. पहिल्या वाक्यात तो सांगतो की याआधीच्या पार्लमेंटांत आपण आपल्या साध्या बुद्धीला झेपेल तेवढ्या निष्ठेने राजाच्या व राज्याच्या भल्यासाठीच बोललो. मग येते ते प्रसिद्ध कलम. या देशाच्या कॉमन्सच्या जुन्या स्वातंत्र्यानुसार, जे ‘ज्याची कोणाला आठवण नाही अशा काळापासून’ त्यांनी धारण केले, उपभोगले आणि वहिवाटीने मिळवले आहे, पार्लमेंटमध्ये कॉमन्ससाठी जमलेल्या सर्वांना आपल्या बैठकीच्या सभागृहात आपल्याला योग्य किंवा वाजवी वाटेल ते बोलण्याची मोकळीक असली पाहिजे, आणि त्याबद्दल त्यांच्यावर कोणताही आक्षेप, आरोप किंवा शिक्षा लादली जाऊ नये.

इथे ‘वहिवाट’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण मूळ शब्दाची नेमकी जातकुळी तीच आहे. शेताच्या बांधावरून जाण्याचा रस्ता कागदावर कुठेच नसतो, पण आजोबा-पणजोबांपासून आम्ही इथूनच जातो असे सांगून जसा हक्क मागितला जातो, तसाच हा हक्क मागितला आहे. इंग्लिश कॉमन लॉमध्ये ‘आठवणीपलीकडचा काळ’ ही मोघम काव्यात्म गोष्ट नव्हती. कायद्याची स्मृती पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणापासून, म्हणजे ११८९ पासून मोजली जाई. त्या आधीपासून चालत आलेले आहे असे म्हटले की सनद दाखवण्याची गरज राहत नसे. यंगजवळ दाखवायला सनद नव्हतीच. म्हणून त्याने वहिवाट सांगितली. बाजू मांडण्याची ही पद्धत तो रोज गिरण्यांच्या, मासेमारीच्या आणि बाजारकराच्या खटल्यांत पाहत असणार. ती त्याने बोलण्याच्या हक्काला लावली. माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व हे आहे.

वस्तुस्थिती म्हणून हे विधान टिकत नाही. ११८९ च्या आधी कॉमन्स नावाची संस्थाच नव्हती. जी होती तिच्या छोट्या इतिहासात बोलणाऱ्याला भोगावे लागल्याची उदाहरणे ताजी होती. १३७६ च्या पार्लमेंटमध्ये कॉमन्सच्या वतीने बोलणारा पीटर द ला मेअर अधिवेशन संपताच नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात कैद झाला आणि तिसरा एडवर्ड मरेपर्यंत तिथेच राहिला. १३९७ मध्ये राजाच्या घरखर्चावर टीका करणारा अर्ज देणारा थॉमस हॅक्सी राजद्रोही ठरला. धर्मगुरू असल्यामुळे त्याचा जीव वाचला आणि दोन वर्षांनी निकाल फिरवला गेला. यंगला हे सगळे ठाऊक नव्हते असे म्हणणे म्हणजे त्याच्या वकिलीचा अपमान आहे. गैरसोयीचे दाखले त्याने अर्जात आणले नाहीत, कोणताही वकील आणत नाही.

यापुढचा भाग मला त्या प्रसिद्ध कलमापेक्षाही बोलका वाटतो. राजाला माझ्याविषयी खोट्या आणि कपटी चुगल्या सांगितल्या गेल्या, असे तो म्हणतो, म्हणजे राजावर थेट दोष येत नाही. कोणत्या बोलण्यासाठी अटक झाली? ‘सभागृहात मी मांडलेल्या बाबींसाठी’. एवढेच. यॉर्कचे नाव नाही, वारसाचा उल्लेख नाही. आता दोन वर्षांचा राजपुत्र हयात होता, आणि ती जुनी सूचना पुन्हा लिहून काढणे म्हणजे स्वतःच्या हाताने नवा गुन्हा करणे झाले असते. नंतर तो सांगतो की आपल्याला उघडपणे, कठोरपणे टॉवरमध्ये नेले, तिथे जिवाची भीती घातली, आणि हे सगळे कोणत्याही आरोपपत्राशिवाय, ज्यूरीच्या निवेदनाशिवाय, खासगी फिर्यादीशिवाय, न्यायालयाच्या मूळ आज्ञापत्राशिवाय, कायदेशीर कारणाशिवाय झाले, आणि उत्तर देण्याची संधीही मिळाली नाही. ही यादी रागाच्या भरात केलेली नाही. कायद्याने माणसाला पकडण्याचे जे जे दरवाजे होते ते एकेक करून बंद केले आहेत, जेणेकरून विरुद्ध बाजूला एकही उरू नये. शेवटी रक्कम: शारीरिक त्रासाखेरीज झालेले नुकसान हजार मार्क ‘आणि त्याहून बरेच अधिक’.

मार्क हे नाणे नव्हते, हिशेबाचे परिमाण होते. एक मार्क म्हणजे १३ शिलिंग ४ पेन्स. म्हणजे मागणी झाली ६६६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स. परगण्याच्या प्रतिनिधीचा रूढ दैनिक भत्ता ४ शिलिंग होता. त्या दराने ही रक्कम तीन हजार तीनशेहून जास्त दिवसांच्या बैठकीची, म्हणजे रोज न चुकता बसले तरी नऊ वर्षांची होते. परगण्याच्या निवडणुकीत मत द्यायला १४२९-३० च्या कायद्याने वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची जमीन लागे. यंगचा आकडा अशा मतदाराच्या तीन शतकांहून अधिक उत्पन्नाएवढा आहे. त्या वकिलाची वकिली कितीही जोरात चालत असली तरी काही महिन्यांच्या कैदेत एवढे नुकसान झाले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. दाव्यात आकडा फुगवून मागण्याची रीत ब्रिस्टलमध्येही होती असे म्हणू.

उत्तर राजाच्या नावाने आले: अर्जदारासाठी या बाबतीत राजाच्या सल्लागार मंडळातील लॉर्डांनी आपल्या विवेकाने योग्य आणि वाजवी वाटेल ती तजवीज करावी. यंगने खासदाराला ‘योग्य किंवा वाजवी’ वाटेल ते बोलण्याचा हक्क मागितला होता, आणि उत्तरात तशीच शब्दांची जोडी लॉर्डांच्या पदरात टाकली गेली. हक्क मान्य केला असे कुठेही म्हटलेले नाही, नाकारलाही नाही, आणि पैसे किती व कधी हेही नाही. सरकारी फाइलवर ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा ज्यांनी वाचला आहे त्यांना अधिक सांगायला नको.

म्हणून पहिल्या भागाचे माझे उत्तर असे: ‘कैवारी’ हा शब्द मी वापरणार नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत खासदारांना आपल्या हक्काला जुना आधार हवा झाला. १५१२ मध्ये रिचर्ड स्ट्रोड या खासदाराला तुरुंगवास घडल्यानंतर कायदा झाला, १६८९ च्या बिल ऑफ राइट्समध्ये पार्लमेंटमधील भाषणावर बाहेर कुठेही जाब विचारता येणार नाही असे स्पष्ट लिहिले गेले, आणि मागे वळून पाहणाऱ्यांना गुंडाळीत यंगचे वाक्य तयार सापडले. तो धागा आपल्यापर्यंतही येतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १०५ आणि १९४ यांनी संसदेतील आणि राज्यांच्या विधिमंडळांतील भाषणाला संरक्षण दिले, आणि मूळ मसुद्यात बाकीचे विशेषाधिकार इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सकडे असतील तेच, असे म्हटले होते. हाउस ऑफ कॉमन्सचा तो उल्लेख १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काढला. मुंबईच्या विधानसभेतील विशेषाधिकाराच्या वादात त्या काळी कोणाला कॉमन्सची वहिवाट शोधायची असती, तर त्या शोधात ब्रिस्टलचा हा वकील कुठेतरी आडवा आलाच असता. मात्र त्या वाक्याने स्वतःच्या काळात कोणाला वाचवले असे दाखवता येत नाही.

राहता राहिले त्याचे पुढचे आयुष्य. १४६० मध्ये तो ग्लॉस्टरशर परगण्याचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटमध्ये गेला, आणि त्याच पार्लमेंटने ऑक्टोबरमध्ये तडजोड केली: हेन्री जिवंत असेपर्यंत राजा राहील, त्याच्यानंतर गादी यॉर्कला आणि त्याच्या मुलांना जाईल. नऊ वर्षांपूर्वी ज्या सूचनेसाठी टॉवर मिळाला तीच आता, राजाचा सात वर्षांचा मुलगा असतानाही, कायदा झाली. यॉर्कला तिचा उपयोग झाला नाही. ३० डिसेंबरला तो वेकफिल्डच्या लढाईत मारला गेला, आणि दोन महिन्यांनी त्याचा मुलगा चौथा एडवर्ड म्हणून गादीवर आला. नव्या राजाने बापाच्या वकिलाची आठवण ठेवली. यंग १४६३ मध्ये सार्जंट झाला आणि १४६७ मध्ये कॉमन प्लीज न्यायालयाचा न्यायाधीश. १४७० मध्ये एडवर्डला देश सोडून पळावे लागले, सहावा हेन्री पुन्हा काही महिन्यांसाठी राजा झाला, आणि ज्याच्या नावाने यंगला टॉवरमध्ये टाकले गेले होते त्याच राजाच्या नावाने निघालेल्या आज्ञापत्रावर तो आपल्या जागी बसून राहिला. एडवर्ड १४७१ मध्ये परतला तेव्हा न्यायाधीशांच्या नव्या यादीत यंगचे नाव नव्हते. चार वर्षे तो बाहेर राहिला. १४७५ मध्ये त्याला किंग्ज बेंच न्यायालयात घेतले गेले, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत तो वारला.